हॉटेलात रिसेप्शन ठेवताय? आधी रात्रीचा माणूस ठरवा

हॉल, तारीख, मेन्यू सगळेच ठरवतात, त्यावर बोलत नाही. संभाजीनगरात एखाद्या स्टार हॉटेलात रिसेप्शन ठेवणार असाल, तर ॲडव्हान्स द्यायच्या आधी विचारा: त्या रात्री हॉलवर जबाबदार माणूस कोण? नाव, मोबाइल नंबर, किती वाजेपर्यंत थांबणार. बुकिंग घेणारा गोडबोल्या साहेब संध्याकाळीच घरी जातो आणि मग फोन उचलत नाही. रात्री कोट घालून उभा असलेला म्हणतो, "मला असं काही सांगितलेलं नाही, सर." गेल्या खेपेला हेच राहिलं, आणि पनीर संपल्यावर आम्ही किचनच्या दारात वेटरांच्या हातापाया पडत होतो. म्हणून नाव. लेखी.

त्याच कागदावर दर जीएसटी धरून की वरून, मिनिमम गॅरंटी (पाव्हणे कमी आले तरी पैसे द्यावेच लागतात तेवढी ताटं) किती, वाढीव ताट केवढ्याला, तेही येऊ द्या. मे महिन्यात एसी पाव्हणे आल्यावर लावून उपयोग नाही, तासभर आधी लावायचा. सर्व्हिस चार्जची ओळ दिसली तर काढायला लावा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तो परस्पर बिलात लावता येत नाही, आणि २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही त्या कायम ठेवल्या.

ताटं मोजताना खरी मारामारी होते. बरेच हॉटेलवाले उचललेल्या प्लेटा मोजतात. आजोबांनी जिलबीसाठी दुसरी प्लेट घेतली की एक जेवण वाढलं. वेटरांवर देखरेख करणाऱ्या कॅप्टनशेजारी घरचा एक खमक्या माणूस उभा करा (दाजी नको, त्यांचाच मानपान करावा लागतो) आणि तासातासाला आकडा लिहून दोघांच्या सह्या घ्या. कॅप्टन सही देईना, तर फोन कुणाला? रात्रीच्या माणसाला. नंबर आहे ना?

परभणी-बीडकडून क्रूझर भरून मंडळी येतात. धोतर-पटका बघून वॉचमन त्यांना मागच्या गेटकडं पिटाळतो, आणि मामा वर्षभर बोलत नाहीत. गेटवर घरचं पोरगं ठेवा, त्याच्याकडंही तोच नंबर. म्हाताऱ्यांना बुफेच्या रांगेत उभं करू नका. टेबल लावून वाढायला दोन वेटर मागा, हेही कागदावर. येसर आमटी सांगितली असेल तर आधी चाखून बघा, हे शेफ त्यातही क्रीम घालायला कमी करत नाहीत.

ड्रायव्हरांचं जेवण, पाण्याच्या बाटल्यांचा दर विचारून ठेवा. डीजे दहाला बंद. बिल रात्रीच तपासा, तक्रार बिलावरच लिहा, रात्रीच्या माणसाची सही घ्या, नाही दिली तर फोटो काढा आणि सकाळी ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन लावा. उरलेलं अन्न कोण नेणार ते आधी बोला. फुलं, फोटोग्राफर, आहेराची पिशवी कुणाकडं, ते तुमचं तुम्ही बघा.