वाचनालयासाठी टाइल्स करून घेताना

गिलाव्याचं काम संपत आलं की हाताने रंगवलेल्या चित्रांच्या टाइल्ससाठी मला वाचनालयाच्या मंडळातून फोन येतो. पहिला प्रश्न ठरलेला: "मॅडम, स्क्वेअर फुटाला काय पडेल?" मी उलट विचारते, दारातून आत आल्यावर माणूस थांबतो कुठे? चपला काढायची जागा, जिन्याचं वळण, पुस्तकं परत करायचं टेबल, यातली एकच भिंत घ्या. बाकी इमारतीला साधा रंग पुरे. सगळीकडे थोडंथोडं लावलं की टाइल्सचं शोरूम होतं.

शक्य असेल तर पणजीला आझाद मैदानाशेजारच्या इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझामध्ये एक चक्कर मारून या. पोर्तुगीज चित्रकार जॉर्ज कोलासोच्या 1935 सालच्या टाइल्स तिथे प्रवेशदालनातच आहेत, पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यातल्या प्रसंगांच्या. लोक ती इमारत त्यांच्यावरूनच ओळखतात. याच कोलासोने पोर्तुगालात पोर्तू शहराच्या सांव बेन्तू स्टेशनासाठी सुमारे 20,000 टाइल्स रंगवल्या. त्याही येणाजाणाऱ्यांच्या मुख्य दालनात.

चित्र काय काढायचं यावर मंडळात भांडणं होतातच. सरस्वती, कमळ, उघडं पुस्तक आणि त्यातून उगवणारा सूर्य ही यादी मला पाठ आहे. हे कुठल्याही गावात चालतं, म्हणून तुमच्या गावाचं नसतं. (आणि देवांच्या टाइल्स आपल्याकडे जिन्याच्या कोपऱ्यात कशासाठी लावतात ते सांगायला नको.) कोकणातल्या एका तालुका वाचनालयात मी जुनं सभासद रजिस्टर मागून घेतलं. त्यात गावांची नावं होती, जुन्या ग्रंथपालांच्या तिरक्या, लांब वेलांट्यांच्या अक्षरात. एका टाइलवर एक गाव: नाव त्याच अक्षरात, खाली त्या गावची एकच खूण. कुठे होडी, कुठे कोकमाचं झाड, कुठे नुसता साकव. आता आत येणारा माणूस आधी आपलं गाव शोधतो आणि सापडलं की बोट ठेवतो. म्हणून नावं हाताच्या उंचीवर घ्या, छताजवळ नकोत.

आता मातीचं. टाइल वाळताना आणि भाजताना आकसते. किती, ते मातीवर अवलंबून, म्हणून ओल्या मातीच्या पट्टीवर 10 सेंमीची रेघ ओढून पट्टी भाजून बघा. रेघ 9 सेंमीची झाली असेल, तर 15 सेंमीची टाइल हवी असताना ओली टाइल 16.7 सेंमीची कापावी लागते. वाळवताना दोन फळ्यांमध्ये दाबून ठेवा आणि फळ्या उलटत राहा, नाहीतर कोपरे वर उचलतात. ओली असतानाच मागच्या बाजूला नंबर कोरा: अ-1, अ-2. भाजल्यावर पेनाने लिहू म्हणणारे गवंड्याला कोडं सोडवायला बसवतात.

पहिल्या भाजणीनंतर टाइल पांढऱ्या ग्लेझमध्ये (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) बुडवायची आणि त्या कच्च्या, पिठूळ थरावर रंगवायची. कुंचला टेकला की रंग आत गेला. खोडणं नाही, पुसणं नाही. कोबाल्ट कार्बोनेट यावेळी फिकट जांभळं दिसतं, निळं होतं ते भट्टीतून आल्यावर. मंडळाला याच टप्प्यावर काम दाखवलंत तर "आम्ही निळा सांगितला होता" हे ऐकावं लागेल. भाजलेला नमुना दाखवा आणि त्याच्या पाठीवर अध्यक्षांची सही घ्या.

स्वस्तात फोटो छापून देणारे भेटतील. टाइलवरच्या प्लास्टिकच्या लेपावर, मगवर छापतात तशी, ती छपाई असते. उन्हात विटते. एकच प्रश्न विचारा: रंग दिल्यावर टाइल भट्टीत जाते का?

दर्शनी भिंतीवर पाऊस येत असेल तर टाइलचा तुकडा वाळवून वजन करा, रात्रभर पाण्यात ठेवा, पुसून पुन्हा वजन करा. शंभर ग्रॅमच्या तुकड्याने दहा ग्रॅम पाणी प्यायलं, तर ती आतल्या भिंतीसाठीच ठीक. बाहेर 1200 अंशांच्या वर भाजलेली, पाणी जवळजवळ न पिणारी टाइल हवी.

लावायच्या आधी नवा गिलावा महिनाभर तरी सुकू द्या. आधी सगळं चित्र नंबरप्रमाणे जमिनीवर मांडा आणि गवंड्याला वरून बघू द्या. सिमेंटचे पाच गोळे ठेवून टाइल दाबायची सवय असेल तर प्रेमाने मोडा. टाइल अॅडहेसिव्ह दातेरी थापीने पूर्ण पसरायचं. सुकल्यावर प्रत्येक टाइलवर नाणं वाजवायचं. पोकळ आवाज आला ती काढून परत लावायची. सांधे तीन मिलिमीटर, त्यात भरायचं ग्राउट राखाडी. पांढरं वर्षभरात काळं होतं.

आणि हे सगळं करण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. स्विचबोर्ड, सीसीटीव्ही, नोटीस बोर्ड आणि मुख्य म्हणजे उद्घाटनाची कोनशिला, यांच्या जागा लेखी ठरवून घ्या. पाहुण्यांचं नाव कोरलेला संगमरवर आदल्या रात्री येतो आणि त्याला नेमकी तीच भिंत हवी असते.

शेकडा दहा टाइल्स जास्तीच्या करून घ्या, गावांच्या नावांच्या तर दोन-दोन. त्या आणि नंबरांचा नकाशा एका पेटीत घालून ग्रंथालयाच्या साठा नोंदवहीत चढवा. नोंद नसलेल्या टाइल्स पाण्याच्या पिंपाखाली टेकू म्हणून जातात.