थकलेले कर्ज फेडताना: कोणाचे आधी, कोणाचे नंतर

कोल्हापूर जिल्ह्यात एकाच घरावर एकाच वेळी पाच-सहा ठिकाणचे कर्ज असणे ही विरळा गोष्ट नाही. विकास सेवा संस्थेचे पीककर्ज असते, पतसंस्थेचे जामीनकीचे कर्ज असते, दागिने बँकेत गहाण असतात, आईच्या नावावर मायक्रोफायनान्सचा हप्ता चालू असतो, मुलाने मोबाईलवरच्या ॲपवरून काही रक्कम उचललेली असते आणि या सगळ्यांच्या मागे, घरातही कोणाला न सांगितलेले, खासगी सावकाराचे ‘दहा टक्के’ असतात. हप्ते चुकू लागले की बहुतेक माणसे दारात येऊन मोठ्याने बोलणाऱ्याला आधी पैसे देतात, कारण गल्लीत आणि भावकीत शोभा नको असते. हा क्रम जवळजवळ नेहमीच चुकतो. ज्या कर्जात घर, शेत किंवा मेहुण्याची सही अडकलेली असते, ते कर्ज आरडाओरड न करता कागदावर थकत जाते आणि एके दिवशी थेट नोटीस घेऊन येते. म्हणून देण्याचा क्रम आपण ठरवावा, घेणेकऱ्याच्या आवाजावर तो ठरू देऊ नये.

पहिले काम वहीचे

एक वही घेऊन प्रत्येक कर्जासाठी एक पान ठेवावे. त्यावर शिल्लक मुद्दल, व्याजदर, हप्ता, तारण, जामीनदार, थकबाकी कोणत्या महिन्यापासून आहे आणि आपण कोणत्या कागदावर सह्या केल्या आहेत, एवढे लिहावे. हे आठवणीवर विसंबून लिहू नये. बँक, पतसंस्था आणि सेवा संस्था यांच्याकडे खातेउतारा लेखी मागावा. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा आपला संपूर्ण पतअहवाल विनामूल्य मिळतो. घरातील स्त्रियांच्या नावावर गटकर्जे असतील तर त्यांचा अहवाल स्वतंत्र काढावा. सावकार, भिशी आणि हातउसने यांची नोंद मात्र अशा अहवालात सापडत नाही. ती घरात सर्वांसमोर बसूनच लिहावी लागते, आणि माझ्या मते संपूर्ण कामातला हाच भाग सर्वांत जड असतो.

व्याजदर लिहिताना सगळे दर वार्षिक करून लिहावेत. सावकाराचे ‘दहा टक्के’ हे महिन्याचे असतात, म्हणजे वर्षाला 120 टक्के. 50,000 रुपयांवर महिन्याला 5,000 रुपये दिले तर दहा महिन्यांत मुद्दलाइतके व्याज जाते आणि मुद्दल जिथल्या तिथे राहते. ‘फ्लॅट’ दराचेही, म्हणजे हप्ते भरत गेलो तरी मूळ रकमेवरच व्याज धरणाऱ्या दराचेही, नीट गणित करावे: 1 लाख रुपये 12 टक्के फ्लॅट दराने दोन वर्षांसाठी घेतल्यास 24,000 रुपये व्याज धरून हप्ता सुमारे 5,167 रुपये बसतो, आणि घटत्या शिलकीवर मोजल्यास तोच दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. क्रेडिट कार्डाची केवळ किमान रक्कम भरत राहणाऱ्याला वर्षाला 40 टक्क्यांच्या घरातले व्याज पडू शकते.

उत्पन्नाची बाजू लिहिताना आपल्याकडचा पैसा महिन्याच्या ठरावीक तारखेला येत नाही, हे लक्षात घ्यावे. दुधाचे बिल दर दहा दिवसांनी येते, दूध फरक (वर्षभराच्या दुधावरची वाढीव रक्कम) दिवाळीच्या तोंडावर, ऊसबिल गळीत हंगामात आणि तेही सेवा संस्थेची वसुली होऊन. महिन्याचा हप्ता ज्या घरात नेहमी चुकतो, तिथे अनेकदा उत्पन्न कमी नसते, तारखा जुळत नसतात. पशुपालकाने बँकेकडे किंवा पतसंस्थेकडे जाऊन हप्त्याची तारीख दूध बिलाशी जुळवून मागितली, तर तो अर्ज अवाजवी ठरत नाही.

देण्याचा क्रम

घरखर्च, औषधपाणी, वीजबिल आणि शाळेची फी बाजूला काढल्यावर जे उरते तेवढेच वाटायचे असते. त्यातून आधी तारण असलेली आणि जामीनदार असलेली कर्जे पाहावीत. भारतीय करार अधिनियम, 1872 नुसार करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, त्यामुळे आपली थकबाकी पतसंस्था थेट त्याच्याकडे मागू शकते. जामीनदाराला हे नोटीस येण्यापूर्वी आपणच जाऊन सांगावे. सांगताना संकोच होतो, पण नोटिशीतून कळल्यावर तुटलेले नाते पुन्हा जुळायला वर्षे लागतात. पीककर्जही मुदतीत भरण्याच्या रकमांत धरावे, कारण राज्यात 3 लाख रुपयांपर्यंतच्या पीककर्जाची वेळेवर परतफेड करणाऱ्या शेतकऱ्याला मिळणारी शून्य टक्के व्याजाची सवलत मुदत चुकली की जाते. कर्जमाफीच्या आशेने मुद्दाम थकवणे हा जुगार आहे, असे मला वाटते.

त्यानंतर उरलेल्या कर्जांपैकी ज्याचा वार्षिक दर सर्वांत मोठा, त्याच्या मुद्दलात जादा रक्कम भरावी. इथे दागिन्यांचा प्रश्न येतो. आपल्याकडे दागिना मोडणे कमीपणाचे मानतात आणि गहाण ठेवणे चालते, म्हणून तीन-तीन दागिने वर्षानुवर्षे गहाण राहून त्यांचे व्याजच दागिन्याच्या किमतीकडे सरकू लागते. अशा वेळी गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, एक दागिना मोडून उरलेले दोन सोडवणे बहुधा शहाणपणाचे ठरते. मात्र दागिना जिचा आहे तिच्या संमतीनेच.

खासगी सावकार

सावकाराच्या बाबतीत कायदा कर्जदाराच्या बाजूने बराच स्पष्ट आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा असून त्यासाठी 5 वर्षांपर्यंत कैद किंवा 50,000 रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परवानाधारकालाही मनाला येईल तो दर लावता येत नाही: 2014 मध्ये शासनाने ठरवलेले कमाल वार्षिक दर शेतकऱ्यांसाठी तारण असल्यास 9 टक्के व विनातारण 12 टक्के, आणि इतरांसाठी अनुक्रमे 15 व 18 टक्के असे आहेत. वरच्याच 50,000 रुपयांवर 18 टक्क्यांनी महिन्याचे व्याज 750 रुपये होते, 5,000 नव्हे. शिवाय दामदुपटीचा नियम या कायद्यातही आहे, त्यामुळे मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही.

तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे किंवा तालुक्याच्या निबंधक कार्यालयात लेखी द्यावी, आणि धमकी किंवा मारहाण झाली असेल तर पोलिस ठाण्यात वेगळी द्यावी. पुराव्यासाठी मोबाईलवरून पाठवलेल्या पैशांच्या नोंदी, संदेश, दिलेल्या धनादेशांचे क्रमांक आणि व्यवहाराच्या वेळी हजर असलेल्यांची नावे जमवावीत. यापुढे एक रुपयाही रोख देऊ नये, खात्यावरच पाठवावा. खाते क्रमांक द्यायला सावकार तयार होत नसेल तर त्यातच बरेच काही आले. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या धनादेशावर सही देऊ नये. कर्जाच्या तारणापोटी जमिनीचे खरेदीखत करून दिले असेल, तर दस्त, सातबारा, फेरफार आणि जमीन प्रत्यक्षात कोण कसत आहे याचे पुरावे घेऊन तक्रार करावी. व्यवहार सावकारीचा होता असे चौकशीत सिद्ध झाल्यास जिल्हा उपनिबंधकांना तो दस्त अवैध ठरवून जमीन परत देण्याचा आदेश देता येतो. बिनव्याजी हातउसने देणारा मित्र या कायद्यातला सावकार नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

पतसंस्था, बँक आणि ॲप

पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 101 खाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळवते, आणि तो मिळाल्यावर जप्तीचा मार्ग मोकळा होतो. दाखल्यापूर्वी कर्जदाराला नोटीस येते. ती टपालवाल्याकडून न घेता परत पाठवल्याने काहीही टळत नाही. उलट आपली बाजू न ऐकताच दाखला निघतो. सुनावणीला जाऊन भरणा पावत्या, व्याजाच्या आकारणीतील चूक आणि हप्ते पाडून मिळण्याचा अर्ज लेखी मांडावा. एकदा दाखला निघाला की त्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करण्यासाठी वसूलपात्र रकमेच्या 50 टक्के रक्कम आधी भरावी लागते.

बँकेचा हप्ता 90 दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादित (एनपीए), म्हणजे थकीत म्हणून वर्ग, होते, म्हणून पुनर्रचनेचा अर्ज त्याआधी द्यावा आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यावी. सरफेसी, म्हणजे तारण मालमत्ता बँकेला न्यायालयात न जाता ताब्यात घेऊ देणाऱ्या, कायद्याखाली 60 दिवसांची नोटीस आल्यास लेखी हरकत घ्यावी, जिला बँकेने 15 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. ताब्याची कारवाई झाल्यास 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येते. शेतजमिनीवर हा कायदा चालत नाही. बँका आणि वित्त कंपन्यांच्या वसुली एजंटांनी सकाळी 8 पूर्वी आणि सायंकाळी 7 नंतर फोन करू नये, तसेच धमकावू नये, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. आधी संस्थेकडे लेखी तक्रार करावी. 30 दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते आणि त्यासंबंधीची माहिती 14448 या क्रमांकावर मिळते. पतसंस्थेची तक्रार मात्र लोकपालाकडे नव्हे, सहकार खात्याकडे जाते.

ॲपच्या कर्जात आधी कर्ज देणारी बँक किंवा वित्त कंपनी कोणती, हे शोधावे. ते सापडत नसेल, किंवा छायाचित्रे पसरवण्याची धमकी येत असेल, तर पैसे भरत बसण्याऐवजी संदेशांची छायाचित्रे जपून ठेवून 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवावे. या धमक्यांनी जीव नकोसा झाला असेल तर 14416 या टेली मानसच्या, म्हणजे शासनाच्या मानसिक आरोग्य मदतसेवेच्या, क्रमांकावर कोणत्याही वेळी बोलता येते.

धनादेश न वटल्याची नोटीस मिळाल्यास 15 दिवसांत रक्कम द्यावी लागते, अन्यथा फौजदारी तक्रार होऊ शकते. तेव्हा ही नोटीस घेऊन त्याच आठवड्यात वकिलाकडे जावे. कसबा बावड्याच्या न्यायसंकुलातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे महिलांना तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. लोकअदालतीत तडजोड होते, पण तिच्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून झेपेल तेवढ्याच रकमेवर सही करावी. दिवाणी हुकूमनाम्यात पगार जप्त झाला तरी पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग सामान्यतः सुरक्षित राहतो. भविष्यनिर्वाह निधी आणि कारागिराची हत्यारे, मग ती चप्पल शिवणाऱ्याची असोत की हुपरीच्या चांदी कारागिराची, जप्त होत नाहीत.

एकरकमी तडजोड ठरल्यास तिचे पत्र आधी हातात घ्यावे, रक्कम एजंटाला रोख न देता कर्जखात्यातच भरावी, आणि अशा कर्जाची पतअहवालात ‘सेटल्ड’ अशी नोंद होऊन पुढचे कर्ज अवघड होते, हे मोजूनच ती स्वीकारावी. शेवटचा हप्ता भरल्यावर नील दाखला (काही देणे उरले नाही असा दाखला), दिलेले धनादेश आणि जामीनदाराला मुक्त केल्याचे पत्र मागून घ्यावे. घराची मूळ कागदपत्रे 30 दिवसांत परत न मिळाल्यास, आणि उशीर बँकेमुळे झाला असल्यास, दिवसाला 5,000 रुपये भरपाई मिळते. सातबारावरचा बोजा मात्र आपोआप उतरत नाही. त्यासाठी दाखला जोडून तलाठ्याकडे अर्ज द्यावा आणि फेरफार मंजूर झाल्यावर नवा उतारा काढून पाहावा.