औषधाचा पैसा वाया घालवणाऱ्या या चुका टाळा

दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड जिल्ह्यातल्या केज, धारूर, पाटोद्याकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पीठ, मीठ, भांडी, लेकरांचे कपडे, सगळं आठवणीनं ट्रॅक्टरवर चढतं. बीपीच्या गोळ्या मात्र घरच्या फळीवरच राहतात, किंवा महिनाभर पुरतील एवढ्याच सोबत जातात. "मागच्या वेळी मोजलं तर नॉर्मल होतं" असं म्हणून गोळी सोडलेली माणसं मी दरवर्षी बघतो. बीपी नॉर्मल होतं ते त्या गोळीमुळंच. ती बंद झाली की ते पुन्हा चढतं, आणि फडात अर्धांगवायूचा झटका आला की वाचवलेल्या पैशाच्या कितीतरी पट दवाखान्यात जातात.

निघण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट सांगा, पाच-सहा महिने बाहेर आहोत. मिळतील तेवढ्या गोळ्या मागून घ्या आणि चिठ्ठी सोबत ठेवा. कारखान्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ती दाखवता येते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि औषधोपचार मोफत आहेत, केसपेपरलाही पैसे नाहीत. छत्रपती संभाजीनगरचं घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेडची सरकारी मेडिकल कॉलेजं वैद्यकीय शिक्षण विभागाकडं येतात, त्यांना हा निर्णय लागू नाही. टीबीचा पेशंट असेल तर निघण्याआधी नाव दुसऱ्या केंद्रात वळवून घ्या. टीबीच्या गोळ्या फुकट आहेत, आहारासाठी महिन्याला १,००० रुपये खात्यात जमा होतात. गोळ्या मधेच सुटल्या तर साध्या औषधांना न जुमानणारा टीबी होऊ शकतो.

अशक्तपणाला सलाईन

हा आपल्याकडचा फार जुना आणि महागडा समज आहे. "डॉक्टर, एक बाटली लावा" असं पेशंटच म्हणतो. त्या बाटलीत काय असतं ते एकदा बघा. अर्धा लिटर साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं. ग्लुकोजच्या ५ टक्केवाल्या अर्ध्या लिटरमध्ये २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाचेक चमचे. बाकी पाणी. उलट्या थांबत नसतील, तोंडानं काहीच जात नसेल, अंगातलं पाणी फार कमी झालं असेल, तर सलाईन जीव वाचवते. पण उन्हातान्हात सोयाबीन काढून आलेल्या थकव्याला पाणी, जेवण आणि झोप लागते. जुलाब झाले तर ओआरएसची पुडी आरोग्य केंद्रात, आशाताईंकडं मिळते. आणि थकवा हटतच नसेल तर रक्त कमी आहे का, साखर वाढली आहे का, ते तपासा. बाटलीनं ते दोन दिवस झाकलं जातं, एवढंच.

गोळी नावानं नव्हे, रंगानं ओळखणं

जनऔषधी केंद्रात, म्हणजे सरकारी योजनेतल्या स्वस्त औषधांच्या दुकानात, तेच औषध ५० ते ९० टक्के स्वस्त मिळतं. लोक तिथं जाऊन कंपनीचं नाव सांगतात, "नाही" ऐकतात आणि परत फिरतात. पाकिटावर औषधाचा मूळ घटक छापलेला असतो, जसं की 'टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम'. तो सांगा. वाचता येत नसेल तर रिकामं पाकीट घेऊन जा.

यातच मोठा धोका दडलेला आहे. नवी स्वस्त गोळी आली की काही घरांत जुनीही चालूच राहते, कारण नाव आणि रंग वेगळा. मग एकच औषध दुप्पट पोटात जातं. चक्कर येऊन म्हातारं माणूस पडतं, शुगरची गोळी असेल तर साखर एकदम उतरते. नवी सुरू केली की जुनी डब्यातून काढा. फिट, थायरॉईड आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची कंपनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका.

इन्सुलिनचं थोडक्यात: फ्रीजच्या दारात चालतं, बर्फाच्या कप्प्यात नाही. गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्या. मे महिन्यात वीज नसेल तर ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या मडक्यात, प्लॅस्टिकच्या डबीत ठेवा.

बिल न घेणं

पाकिटावरच्या किमतीत कर धरलेला असतो, वर वेगळा लावता येत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. बॅच नंबर असलेलं बिल मागा. औषधाबद्दल शंका आली तर अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या क्रमांकावर तेच बिल हातात धरून बोलता येतं.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत पेशंट दाखल असेल तर औषधांचा खर्च पॅकेजमध्येच असतो. तरीही बाहेरून औषध आणायची चिठ्ठी हातात येते, आणि नातेवाईक रात्री दहाला उसनवारी करत फिरतात. त्या वेळी आधी आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, गाठा. तो भेटला नाही तर १५५३८८ वर फोन करा. आणलंच असेल तर चिठ्ठी आणि बिल दोन्ही जपा, आणि तक्रार पेशंट खाटेवर असतानाच करा. डिस्चार्ज घेऊन गावी पोचल्यावर त्या चार कागदांसाठी पुन्हा शहराची एसटी धरणं कुणालाच परवडत नाही.