डोक्याला मार लागलेला माणूस घरी आल्यावर गावाने आणि शेजाऱ्यांनी काय करायचं

दादा दवाखान्यातून घरी आल्याला दोन महिने झाले असतील, एक दिवस सकाळी वहिनी मागच्या दारी कपडे वाळत घालत होती आणि हा स्वयंपाकघरात खुर्चीवर. गॅसवरचं दूध उतू गेलं, आटलं, पातेलं काळं पडलं, घरभर धूर झाला तरी हा बसलेलाच. शेजारच्या काकू ओरडत आल्या तेव्हा कळलं. आम्ही सगळे त्याच्यावर चिडलो, मी तर सगळ्यात जास्त, दिसत नाही का तुला म्हणून. नंतर फिजिओथेरपीच्या ताईंनी विचारलं, याला वास येतो का बघितलंय का कुणी? कुणीच बघितलं नव्हतं. डोक्याला जोरात हिसका बसला की नाकातून मेंदूत जाणाऱ्या बारीक नसा तुटू शकतात आणि वास येणं बंद होतं, ते एक. आणि दुसरं म्हणजे धूर त्याला दिसत होता, पण आता उठायचं, गॅसचं बटण फिरवायचं ही सुरुवातच त्याच्या मेंदूतून होत नव्हती. याला लोक आळस म्हणतात. आळस नाही हो तो, मेंदूच्या पुढच्या भागाला मार लागला की असं होतं.

हे सगळं लिहायचं कारण एवढंच की अपघात झाला की पहिले पंधरा दिवस शहाळी आणि केळी घेऊन अख्खं गाव येतं, आणि तिसऱ्या महिन्यात, जेव्हा टाके सुकलेले असतात, केस परत आलेले असतात आणि खरा त्रास सुरू झालेला असतो, तेव्हा कुणी नसतं. त्यामुळे मदतीची जी काही जुळणी करायची ती तिसऱ्या महिन्यासाठी करा, आणि तीही नावानिशी, तासानिशी.

आधी घरच्यांनी करायचं काम

डिस्चार्ज कार्डवर जीसीएस म्हणून एक आकडा असतो, 3 ते 15 मधला, 8 किंवा त्याच्या खाली असेल तर मार गंभीर समजतात. त्या आकड्यावरून माणूस शुद्धीवर किती होता ते कळतं, घरी आल्यावर कसा वागेल ते नाही कळत. म्हणून आठवडाभर वहीत लिहून काढा, कशाने चिडतो, किती वाजता थकतो, काय विसरतो, वास, चव, दिसणं ठीक आहे का. मग त्यावरून एक छोटा मेसेज तयार करा आणि नातेवाईक, शेजारी, मित्र सगळ्यांना पाठवा. आमचा मेसेज असा होता:

"दादाच्या डोक्याला मार लागलाय. तो वेडा झालेला नाही. एका वेळी एकाने बोला. दुपारी 1 नंतर तो थकतो, तेव्हा येऊ नका. चिडला तर वाद घालू नका, शांतपणे बाहेर जा, दहा मिनिटांनी परत या. पैसे उसने मागितले तर वहिनीला विचारल्याशिवाय देऊ नका. गाडीची चावी अजिबात देऊ नका."

लाज वाटली पाठवताना, खोटं कशाला सांगू, वहिनी तर म्हणाली घरातलं बाहेर कशाला काढायचं. पण ज्या दिवशी पाठवला त्याच संध्याकाळी किराणा दुकानवाल्याचा फोन आला की ताई, तो दिवसातून तीनदा साखर घेऊन जातोय, मी लिहून ठेवलंय, परत आणून द्या. म्हणजे दुकानवाल्याला कळायचं पण सांगायचं कसं हे कळत नव्हतं. लोकांना मदत करायची असते, काय करायचं ते सांगावं लागतं.

भेटायला जाणाऱ्यांसाठी

आपल्याकडे एक फार वाईट सवय आहे, आजारी माणसासमोर उभं राहून विचारायचं, "ओळख बघू मी कोण?" कृपा करून हे बंद करा. त्याला चेहरा ओळखीचा वाटतो, नाव येत नाही, आणि सगळे त्याच्या तोंडाकडे बघत असतात, घाम फुटायचा दादाला. सरळ सांगा, "मी बाळू, शाळेत तुझ्या बाकावर होतो." टीव्ही बंद करायला लावा. एकच प्रश्न विचारा आणि थांबा, मनातल्या मनात दहा आकडे मोजा, उत्तर येतं बहुतेक वेळा, फक्त उशिरा येतं. अर्धा तास झाला की उठा. "एवढा धडधाकट दिसतोस, कामाला का जात नाहीस" हे म्हणू नका, त्याच्या समोर नाही आणि बायकोसमोर तर मुळीच नाही. आणि मित्रमंडळींनी "एक घोट घे, काही होत नाही" हे तर अजिबातच नाही, मार लागलेल्या मेंदूला दारू जास्त चढते आणि फिट यायची भीती वाढते.

फिटचं सगळ्यांनी माहीत करून घ्या, कारण असा मार लागल्यावर काही जणांना महिन्यांनी, वर्षांनीही फिट येऊ शकते. कांदा हुंगवायचा नाही, चप्पल नाही, तोंडात चमचा नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. आजूबाजूचं टणक सामान बाजूला करा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, कुशीवर वळवा, घड्याळ बघा. 5 मिनिटांत थांबली नाही किंवा लागोपाठ दुसरी आली तर लगेच 108 ला फोन.

आता तासांची यादी. घरातल्या बाईला फळं नको असतात, तिला दोन तास हवे असतात, बँकेत जायला, माहेरी फोन करायला, नुसतं झोपायला सुद्धा. आम्ही कॅलेंडरवरच नावं लिहिली. मंगळवार आणि शुक्रवार सकाळी 8 ते 10 दादाचा मित्र, रविवारी मी, गुरुवारी शेजारच्या काका. सहा-सात माणसं पुरतात. मात्र "काही लागलं तर सांगा" म्हणणाऱ्याचं नाव लिहायचं नाही, वार आणि वेळ सांगणाऱ्याचंच लिहायचं. आणि वहिनी रात्री रडते, झोपत नाही असं दिसलं तर तिला 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर द्या, फुकट आहे, मराठीत बोलतात.

चार घरं एकत्र आणायची कशी

आमच्या तालुक्यात अशी घरं किती आहेत आम्हाला काहीच माहीत नव्हतं. फिजिओच्या ताईंना विचारलं, त्या म्हणाल्या पेशंटची नावं मी देऊ शकत नाही, पण तुमचा नंबर त्यांना देते. हेच बरोबर आहे, असंच करा. आशाताईंनाही सांगून ठेवा, कुणाच्या घरात कोण पडून आहे ते त्यांना सगळ्यात आधी कळतं. पहिल्या वेळी आम्ही चारच घरं जमलो, त्यात एक पक्षाघाताचं होतं, त्यांनाही घेतलं, त्रास सारखाच आहे की. जागा शांत हवी, देवळाचा सभामंडप आम्ही एकदा करून बघितला, कुणीतरी घंटा वाजवली की दादा कान धरून बसायचा, मग शाळेची खोली मिळवली. महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी साडेदहा ते बारा, दुपार नको. भाषण नाही, हार नाही, फोटो नाही. अर्धा तास सगळे एकत्र आणि नंतर सांभाळणारे वेगळ्या खोलीत, कारण "मला आता सहन होत नाही" हे त्या माणसासमोर बोलता येत नाही आणि कुठेतरी बोलावं तर लागतं. मोठं काही उभं करायचं म्हणून घाबरू नका, जोधपूरच्या राजघराण्यातल्या गजसिंहांनी मुलाला 2005 मध्ये पोलो खेळताना डोक्याला मार लागल्यावर इंडियन हेड इंज्युरी फाउंडेशन काढलं, तेही एका घरातल्या अपघातातूनच सुरू झालं ना.

या बैठकीत कागदपत्रांचं एकमेकांना सांगा, ते फार उपयोगी पडतं. अपंगत्वाच्या 2016 च्या कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात मेंदूचा मार असा वेगळा प्रकार नाही, त्यामुळे हातपाय, बोलणं, दृष्टी, मानसिक त्रास, जे काही मागे राहिलंय त्यावर तपासणी होते. म्हणून तपासणीला जाताना ती घरची वही घेऊन जा, नाहीतर चालतोय-बोलतोय बघून अपंगत्वाचे टक्के कमी पडतात. 40 टक्के किंवा जास्त निघाले तर योजना मिळतात, यूडीआयडी कार्ड म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र काढा, संजय गांधी निराधारसाठी तहसील कार्यालयात विचारा. रस्ता अपघात असेल तर नुकसानभरपाईच्या दाव्याला कायद्यात अपघातापासून 6 महिन्यांची मुदत घातली आहे, आणि ते सहा महिने दवाखान्यातच जातात, तेव्हा ही वकिलाची धावपळ दुसऱ्या कुणीतरी नातेवाईकाने उचलावी. ठोकर मारून गाडी पळून गेली असेल तर गंभीर जखमीला 50,000 रुपये मिळतात, हे तर कुणालाच माहीत नसतं.

गावाला सांगायचं तर 20 मार्चला जागतिक हेड इंज्युरी जागरूकता दिवस असतो, पण खरं सांगते, गणपतीत लोक जास्त भेटतात. मंडळाला एकच बोर्ड लावायला सांगा: आयएसआय हेल्मेट, बकल लावून, मागे बसणाऱ्यालाही. अपघात दिसला तर 108, मान न हलवता. आणि जखमीला उचलणाऱ्यावर केस होत नाही, 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 134अ कलम आलंय, नाव सांगायची सुद्धा सक्ती नाही. दादा रस्त्यावर वीस मिनिटं पडून होता, लोक होते, व्हिडिओ पण काढले, हात कुणी लावला नाही पोलिसांच्या भीतीने. बोर्डावर हे कलम मोठ्या अक्षरात लिहायला मी म्हणूनच सांगते. आणि जमलं तर डीजेची भिंत अशा घरासमोर थांबवू नका, मंडळाला आधी जाऊन भेटा, आमच्या पोरांनी ऐकलं.

द्राक्षबागेत कुठली काडी कितव्या डोळ्यावर छाटायची हे आधी गावातले लोक दादाला विचारायचे. आता ते त्याला ठरवता येत नाही. पण मंगळवारी आणि शुक्रवारी मित्र त्याला बागेत नेतो, एकच ओळ देतो, काड्या तारेला बांधायच्या, बाकी काही नाही. पहिल्या महिन्यात चार झाडं व्हायची, मग हात थकायचा आणि हा चिडून सुतळी फेकून द्यायचा, मित्र ती उचलून खिशात ठेवायचा, काही बोलायचा नाही. गेल्या शुक्रवारी अर्धी ओळ झाली. कॅलेंडरवर पुढच्या तीन महिन्यांचे मंगळवार-शुक्रवार त्या मित्रानेच स्वतःच्या नावाने भरून ठेवलेत.