एसी थंड करत नाही? ‘गॅस भरा’ म्हणण्याआधी या चुका टाळा

एसी थंड करेनासा झाला की निदान ठरलेलं असतं: ‘गॅस कमी झाला असेल.’ पण एसीतला गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे, तो वापरून संपत नाही. तांब्याच्या बंद नळ्यांत तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय, आणि गळती न शोधता भरलेला नवा गॅसही त्याच वाटेनं जाणार. म्हणून आधी हवा तपासा, मग वीज आणि गॅस सगळ्यात शेवटी.

फिल्टर धुतला म्हणजे सर्व्हिसिंग झालं, असं समजणं

रोज चालणाऱ्या एसीचा फिल्टर दर दोन आठवड्यांनी धुवावा. पाणी 40 अंशांपेक्षा गरम नको, नाहीतर चौकट वाकते. सावलीत पूर्ण वाळल्यावरच तो परत बसवा. पण फिल्टर चकचकीत असूनही वारा मंद येत असेल, तर एसी बंद करून टॉर्चच्या उजेडात आतला ब्लोअर, म्हणजे वारा फेकणारा पंखा बघा. पात्यांच्या खोबणीत काळा चिकट थर बसलेला असतो. तो निघाल्याशिवाय वाऱ्याला जोर येत नाही.

मग मोजा. सर्वांत कमी तापमान, पंखा जोरात, 15 मिनिटं थांबा. थर्मामीटर आधी हवा आत ओढली जाते तिथे धरा, मग थंड हवा येते तिथे. फरक साधारण 8 ते 12 अंश असेल तर मशीन आपलं काम करतंय. तरी गारवा येत नसेल तर खोली मोठी आहे किंवा कुठून तरी गरम हवा आत येतेय. हवा दमट असेल तर फरक थोडा कमीच दिसतो.

बर्फ दिसला की गॅसला दोष देणं

इनडोअर कॉइलवर (खोलीतल्या मशीनमधल्या थंड होणाऱ्या नळ्यांच्या जाळीवर) सगळीकडे सारखा बर्फ असेल तर बहुधा हवा अडलेली असते. गॅस जिथून कॉइलमध्ये शिरतो तेवढ्याच पट्ट्यात बर्फ आणि बाकीची कॉइल कोरडी, कोमट, तर मात्र गॅस कमी असण्याची शंका रास्त. बर्फ स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका. पातळ फिन्सच्या, म्हणजे कॉइलवरच्या पत्र्यांच्या मागेच गॅसची नळी असते. एसी फक्त फॅन मोडवर ठेवून बर्फ वितळू द्या. त्याआधी गेज (गॅसचा दाब मोजणारं मीटर) लावून घेतलेलं रीडिंग फसवं असतं.

रिमोटने बंद करून आउटडोअर उघडणं

रिमोट बंद असला तरी आउटडोअरमध्ये वीज असू शकते. एमसीबी खाली पाडा आणि टेस्टरवर न विसंबता मल्टिमीटरने खात्री करा. कॉइल धुताना पाणी हलक्या दाबाने, शक्यतो आतून बाहेर मारा. जेटच्या जोरदार धारेने फिन्स आडव्या होतात आणि मग हवाच जात नाही. अ‍ॅसिडचे क्लीनर अ‍ॅल्युमिनियम खातात.

बाहेरचा पंखा फिरतोय, पण कॉम्प्रेसर गुणगुणून काही सेकंदांत बंद पडतो? साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या एसीत पहिला संशयित कपॅसिटर, म्हणजे कॉम्प्रेसरला सुरू व्हायला मदत करणारा विजेचा भाग. त्यावर ‘45 मायक्रोफॅरड, ±5 टक्के’ असं काही छापलेलं असतं. म्हणजे मीटरवर 42.75 ते 47.25 यायला हवं. डोकं फुगलेलं असेल तर मोजत बसू नका, बदला. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज तेवढं किंवा जास्त.

वीज गेली तरी कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी पाडणं ही कामात मुरलेल्यांचीही वाईट खोड. इन्सुलेटेड क्लिपा लावलेला 20,000 ओहम, 5 वॅटचा रेझिस्टर ‘कॉमन’ आणि प्रत्येक टर्मिनलच्या मध्ये काही सेकंद धरा, मग मीटरवर शून्य दिसतंय का बघा. इन्व्हर्टर एसीच्या बोर्डावर तर 300 व्होल्टहून जास्त डीसी काही मिनिटं टिकून राहतं. झाकणावर लिहिलेला वेळ थांबा, मोजा, मगच हात लावा.

आणि एमसीबी सारखी पडते म्हणून मोठी बसवू नका. ती वायरिंग वाचवायला असते. लगेच पडत असेल तर शॉर्ट किंवा अर्थ फॉल्ट (अर्थिंगकडे जाणारी वीज) शोधा. 10-15 मिनिटांनी पडत असेल तर मळलेली आउटडोअर कॉइल आणि ढिल्या स्क्रूमुळे काळं पडलेलं टर्मिनल.

गॅसचं काम अंदाजाने करणं

इथून पुढे प्रशिक्षित मेकॅनिकचंच काम, पण काय चाललंय ते बघता यायला हवं. आर-32 आणि आर-410ए या नव्या गॅसचा दाब जुन्या आर-22 गॅसच्या साधारण 1.6 पट असतो. जुने गेज आणि होस त्यांना चालत नाहीत. इन्व्हर्टरमध्ये कॉम्प्रेसरच्या वेगाबरोबर दाबही बदलतो, म्हणून नुसत्या गेजवर भरू नये. उरलेला गॅस काढून, व्हॅक्यूम करून (पंपाने नळ्यांतली हवा आणि ओल ओढून), नेमप्लेटवरच्या वजनाइतका तराजूवर मोजून भरावा.

गळती बहुतेकदा फ्लेअर नटपाशी, म्हणजे नळ्या जोडणाऱ्या नटपाशी सापडते. तिथे तेलाचा ओला डाग दिसतो. दाबाची चाचणी कोरड्या नायट्रोजननेच घ्यावी. ऑक्सिजन कधीही नको: कॉम्प्रेसरच्या तेलाशी दाबाखाली भेट झाली की स्फोट. व्हॅक्यूम 500 मायक्रॉनपर्यंत (हे अगदी कमी दाब मोजायचं एकक) खाली न्या आणि पंप बंद करून थोडा वेळ काटा बघा. तो वर चढत राहिला तर गळती आहे किंवा ओल. ‘थोडा गॅस सोडून हवा काढतो’ या पद्धतीने ओल आतच राहते आणि आर-32 सौम्य ज्वलनशील असल्याने तो बाहेर सोडणं धोक्याचंही आहे. आर-290 म्हणजे तर प्रोपेन. हे गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतात. गॅस काढून नायट्रोजन फिरवल्याशिवाय नळीला ज्योत लावू नये.

एसी हलवताना पंप-डाऊन करतात, म्हणजे सगळा गॅस आउटडोअरमध्ये ओढून बंद करतात, तेव्हाची घाई सर्वांत महागात पडते. कॉम्प्रेसर चालू असतानाच नळी सोडली तर तो हवा ओढतो, हवा आणि तेल एकत्र दाबले जातात आणि कॉम्प्रेसर फुटू शकतो. आधी कॉम्प्रेसर बंद, मग एमसीबी, आणि त्यानंतरच पाना.