टेकडीवर सायकल घेऊन जाताय? टी-शर्ट घेताना एवढं बघाच

पुण्यातल्या वेताळ टेकडीच्या दगडगोट्यांवर एमटीबी (माउंटन बाइक) घेऊन जात असाल तर कॉटनचा जाड टी-शर्ट घरीच ठेवा, घाम पिऊन तो अंगाला असा चिकटतो की चढ संपवून वर वाऱ्यात थांबलात की लगेच हुडहुडी भरते, पावसाळ्यात तर वाळायचं नावच नाही. पॉलिस्टर किंवा पॉलिस्टर-कॉटन मिक्स, साधारण 130 ते 150 जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं वजन तेवढे ग्रॅम) घ्या, पटकन वाळतो.

आता मेन गोष्ट, ट्रायल रूममध्ये नुसतं सरळ उभं राहून आरशात बघू नका. हँडल धरल्यासारखे हात पुढे करा, कमरेत वाका आणि मागे हात लावून बघा, पाठ उघडी पडली की तो टी-शर्ट परत ठेवायचा, मागची बाजू थोडी लांब असलेलाच बरा. खांद्यावरची शिवण पण बोटाने चाचपा, पाण्याची बॅग पाठीवर असली की तीच शिवण पट्ट्याखाली काचते आणि घरी येईपर्यंत लाल वळ उठतो. रॅगलान बाहीला (गळ्यापासून काखेपर्यंत तिरकी जोडलेली बाही) ती शिवण खांद्यावर येतच नाही, म्हणून मला तीच आवडते.

राईडनंतर मिसळ खायला थांबणार असाल तर बटणांचा हलका चेक्सचा शर्ट वरून घाला, ऊन लागलं की बटणं उघडायची. आणि धुताना फॅब्रिक कंडिशनर अजिबात नको, त्याचा थर बसला की कापड घाम ओढत नाही.