जुन्या एस्प्रेसो मशीनचे सील बदलताना या चुका टाळा

मराठवाड्यात एस्प्रेसो म्हटलं की लग्नाच्या मांडवातलं, दुधात वाफ सोडणारं मशीन आठवतं. पण संभाजीनगर, लातूर, नांदेडकडच्या हौशी लोकांकडे आता जुनी इटालियन लिव्हरची, म्हणजे हाताने दांडा ओढून पिस्टनने पाणी कॉफीतून दाबणारी मशिनंही येऊ लागली आहेत. दोन्हींचं दुखणं एकच, गळती. आणि उपायही ठरलेला: सील, म्हणजे जोडातून पाणी-वाफ गळू न देणारी रबरी रिंग काढायची, दुकानात दाखवायची, त्याच मापाचं दुसरं आणून बसवायचं. सगळ्यांत महागात पडणारी चूक इथंच होते.

माप जुळलं म्हणजे सील जुळलं असं नाही

संभाजीनगरजवळच्या वाळूज, चिकलठाणा औद्योगिक भागात हायड्रॉलिक सील सहज मिळतात. ती ट्रॅक्टर आणि जेसीबीच्या सिलिंडरसाठी, म्हणजे तेलात काम करण्यासाठी बनलेली असतात. आपल्या मशीनमध्ये तेल नाही, उकळतं पाणी आणि वाफ आहे. मीटरवर 1 बार दाब दिसतो तेव्हा बॉयलरमधलं पाणी सुमारे 120 अंश सेल्सिअसला असतं. पॉलियुरेथेनचं सील दाबाला कितीही दणकट असलं तरी गरम पाण्यात ते हळूहळू चिकट होतं आणि तुटू लागतं. नायट्राइल रबर वाफेत कडक होऊन तडकतं. महाग ते चांगलं म्हणून व्हायटॉन रबर आणणारेही भेटतात, पण त्याचे साधे प्रकार वाफेला टिकत नाहीत.

दुकानात नेमकं सांगा: फूड-ग्रेड (खाण्यापिण्याच्या वस्तूंना चालणारं) ईपीडीएम, म्हणजे गरम पाणी आणि वाफेला टिकणारं रबर हवं. कॉफी भरलेलं हँडल जिथं अडकतं त्या भागाच्या, म्हणजे ग्रुपच्या गॅस्केटसाठी (तिथल्या चपट्या सीलसाठी) फूड-ग्रेड सिलिकॉनही चालतं. दुकानदाराला रबर कोणतं हे सांगता येत नसेल, तर ते सील घेऊ नका. कॉफीच्या मशीनचे सुटे भाग विकणाऱ्यांकडून मागवा, चार दिवस उशीर झाला तरी चालेल.

जुन्या सीलवरून माप घेऊ नका. वर्षानुवर्षं तापून ते आक्रसलेलं किंवा फुगलेलं असतं. व्हर्नियरने खाचेचं माप घ्या. मॉडेल आणि सालही बघा. ला पावोनी कंपनीचं युरोपिकोला हे लिव्हर मशीन 1961 पासूनचं, पण 2000 च्या सुमारास त्याचा ग्रुप बदलला आणि बास्केट (हँडलमधली कॉफीची जाळी) 49 वरून 51 मिमीचं झालं. त्यामुळे आधीच्या मशीनचं पिस्टन सील नंतरच्याला लागत नाही. फाएमा कंपनीच्या ई-61 मशीनच्या ग्रुपचं गॅस्केट बाहेरून 73, आतून 57 मिमी असतं, पण जाडी 8, 8.5 आणि 9 मिमी अशी वेगवेगळी मिळते. जास्त जाड बसवलं तर हँडल नीट अडकत नाही.

गळतं कुठून ते न पाहता खोलणं

हँडलच्या कडेने पाणी ओघळतंय, तर ग्रुपचं गॅस्केट बघा. हँडल पूर्वीपेक्षा बरंच उजवीकडे जातंय, तर गॅस्केट नक्की दबलंय. लिव्हर मशीनमध्ये पिस्टनच्या दांड्याच्या बाजूने वर पाणी येतंय किंवा लिव्हर ओढताना जोर लागतच नाही, तर पिस्टनची सील गेली. वाफेची नळी ठिबकतेय, तर तिच्या कॉकमधला वायसर. सेफ्टी व्हॉल्व्ह गळतोय म्हणून त्याची स्प्रिंग आवळणं किंवा तोंड बुजवणं हे मात्र कधीच करायचं नाही. तो व्हॉल्व्ह बदलायचाच.

स्क्रू ड्रायव्हरने खरवडणं

भाजून दगड झालेलं गॅस्केट निघत नाही, मग माणूस स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटतो. पितळेवर ओरखडा पडला की नवं सील कितीही चांगलं असो, त्या चरीतून पाणी येतच राहतं. गॅस्केटमध्ये बारीक लाकडी स्क्रू थोडासा फिरवा आणि पकडीने तो सरळ ओढा. खाच बांबूच्या काडीने साफ करा.

आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्याने सिलिंडरच्या आत पांढरा थर धरतो. तो तसाच ठेवून नवं सील बसवलं तर त्याची ओठासारखी पातळ कड त्या खरखरीत थरावर घासून लवकर झिजते. आधी लिंबूसताच्या कोमट पाण्याने थर काढा. क्रोम आणि अॅल्युमिनियमचे भाग त्यात भिजत ठेवू नका. पुढेही बोअरचं पाणी थेट भरू नका, नाहीतर काही महिन्यांत पुन्हा तेच काम निघेल.

उलटं बसवणं आणि चुकीचं ग्रीस

पिस्टनचं सील एका बाजूने उघडं असतं. दाब त्या उघड्या बाजूत शिरून कड भिंतीवर दाबतो, म्हणून उघडी बाजू दाबाकडे हवी. कॉफीजवळच्या खालच्या सीलचं तोंड खाली असतं. बाकीच्यांची दिशा मशीनप्रमाणे बदलते, म्हणून काढण्याआधी मोबाईलवर फोटो काढाच.

व्हॅसलीन आणि गाडीचं ग्रीस ईपीडीएमला फुगवतं. खोबरेल तेलाचा तापून चिकट राप बसतो. मॉलिकोट 111 सारखं फूड-ग्रेड सिलिकॉन ग्रीस पातळ लावा. सीलच सिलिकॉनचं असेल तर तेही नको.

घाई

प्लग काढा, मशीन पूर्ण गार होऊ द्या, वाफेचा कॉक उघडून दाब शून्य झाल्याची खात्री करा. स्प्रिंगच्या लिव्हरची मशीन वेगळीच जपावी लागते. लिव्हर वर असतानाही आतली स्प्रिंग दाबलेली असते, सुटली तर हात मोडेल. ती दाबून धरणारं साधन नसेल तर ते काम जाणत्या मेकॅनिककडे द्या. फार जुन्या मशीनच्या बॉयलरला राखाडी, तंतूंसारखं गॅस्केट दिसलं तर ते अॅस्बेस्टॉस असू शकतं. कोरडं खरवडू नका, फुंकूही नका.

लग्नाच्या वाफेच्या मशीनलाही यातलं बरंचसं लागू आहे. त्यात पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेचे दोन वायसर मात्र एकदमच बदला. एकच नवा घातला तर काच तिरकी ताणली जाऊन तडकू शकते.

बसवून झाल्यावर आधी गार पाणी भरून बघा, मग तापवा. बॉयलरचे बोल्ट समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे आवळा. पहिल्यांदा तापवून पूर्ण गार झाल्यावर ते पुन्हा एकदा तपासा. नव्या गॅस्केटवर हँडल सुरुवातीला सरळ रेषेच्या थोडं डावीकडेच थांबतं. ते जोर लावून मधोमध आणायचं नाही, वापरता वापरता आपोआप येतं.